अक्कांनी खुर्ची सोडली ती थंडी

परवा बनशंकरीच्या बाजारातून चालले होते आणि वास आला. हातगाडीवर शेंगांचा हिरवा ढीग, त्यावर नुकतंच शिंपडलेलं पाणी, आणि भाजीवाली ओरडत होती, "सोगडु अवरेकाई, सोगडु अवरेकाई!" नाशिकला आम्ही ज्याला पावटा म्हणतो, त्याचीच ही इकडची बहीण. सोगडु म्हणजे तिच्या सालीवरचा तेलकट, उग्र वास. बोटांना एकदा लागला की साबणानंही जात नाही. बेंगळुरूत थंडी पडली की दोन महिने घराघरांतून हाच वास येतो. उपम्यात अवरेकाई, आमटीत अवरेकाई, शेजारणीनं झाकून आणून दिलेल्या वाटीत अवरेकाई. मी पिशवी पुढे केली आणि मागे घेतली. "स्वल्प तगोळ्ळी, अक्का," भाजीवाली म्हणाली. थोड्या तरी घ्या. मी मान हलवून पुढे गेले. घरी निवडायला बसले असते तर दोन वर्षांपूर्वीची थंडी शेजारी येऊन बसली असती, आणि नवरा ऑफिसातून येईपर्यंत उठली नसती.

तशी ती आलीच. शेंगा न घेताही.

मी एका लहानशा संस्थेत काम करते. लोकांचे फोन नंबर, फोटो, बोटांचे ठसे, पत्ते, आजार ही सगळी माहिती कोण गोळा करतं, कुठे ठेवतं आणि कुणाला देतं, यावर आमचं लक्ष असतं. कायद्याच्या मसुद्यांवर हरकती लिहायच्या, कॉलेजांत जाऊन बोलायचं, आणि कुणाचं खाजगी काही इंटरनेटवर पसरलं तर त्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. खालून यंत्राची घरघर येत असते आणि वर आम्ही नागरिकांच्या हक्कांवर बोलत असतो.

संस्था उभी केली ती वसुधाक्कांनी. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण अशी की पहिले सहा महिने मला निम्मी समजायची नाही. "स्वल्प बस गं, काफी आणते," असं म्हणायच्या. होकार द्यायचा तर "सरी". मी नवऱ्याच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे या शहरात आलेली, ओळखपाळख नसलेली. आमच्या एका कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसून प्रश्न विचारला, तो त्यांना आवडला, आणि पुढच्या सोमवारपासून मी कामावर. अकरा वर्षं झाली होती त्याला.

थंडीत अक्का सोमवारच्या बैठकीला दोन किलो शेंगा घेऊन यायच्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि बोलता बोलता सगळ्यांनी सोलायचं. "हात रिकामे असले की माणसं फोन बघतात," त्या म्हणायच्या. पाळत ठेवण्याच्या कायद्यावरचं आमचं सगळ्यात चांगलं टिपण असंच लिहिलं गेलं. मी टाइप करत होते आणि त्या दाणे सोलत वाक्यं सांगत होत्या. त्या कागदाला वास येत होता, अशी आमच्यात थट्टा होती. संमती म्हणजे काय, हे त्या दाणा दोन बोटांत धरून समजवायच्या. "एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नाही. माणूस उद्या नाही म्हणू शकतो. आणि नाही म्हटलं की आपण थांबायचं. एवढंच आहे. बाकी सगळी वकिली."

त्या वर्षी संक्रांतीला त्यांनी एळ्ळु-बेल्ला आणलं. तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, दाणे, डाळं असं एकत्र करून इकडे वाटतात, आपल्या तिळगुळासारखंच. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्यांनी पुडी दिली आणि म्हणाल्या, "तीळगूळ घ्या आणि यंदा तरी पासवर्ड बदला." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पिशवी घेऊन आल्या. पुन्हा प्रत्येकाच्या टेबलाशी गेल्या. पुन्हा तेच वाक्य, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं. आम्ही सहाजण होतो. सहाहीजणांनी हात पुढे केले आणि सहाहीजण हसलो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्या खणात कालची पुडी तशीच होती. तिच्यावर मी आजची ठेवली आणि खण लोटून दिला.

खरं तर मला आधीपासून माहीत होतं. दिवाळीच्या आसपास एका कॉलेजात बोलताना त्यांनी एकच किस्सा तीनदा सांगितला, तेव्हा मी उठून "अक्का, पुढची मीटिंग आहे," असं खोटं सांगून त्यांना खाली उतरवलं होतं. त्यांच्या पत्रांतली नावं मी गुपचूप दुरुस्त करत होते. भेटायला येणाऱ्याचं नाव दारातच मोठ्यानं उच्चारत होते, म्हणजे त्यांना आठवण्याचा त्रास नको. मला वाटायचं, मी त्यांना जपतेय. वयाची बासष्ट वर्षं, दमल्या असतील, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घालत होते. त्यांच्या मुलाला, श्रीकांतला, फोन करावा असं चार-पाच वेळा मनात आलं. नाही केला.

मग ती मुलगी आली. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही. के. आर. पुरमकडे एका दुकानात कामाला होती. जमलेलं लग्न मोडल्यावर त्या मुलानं तिचे फोटो पसरवले होते. अक्का तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या, कन्नडमध्ये तासभर बोलल्या. जाताना मुलीनं एकच विचारलं, "माझं नाव कुठे येणार नाही ना?" अक्कांनी तिचा हात हातात घेतला. "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

जानेवारीच्या शेवटी आमचं वार्तापत्र निघतं. पत्रकार, वकील, इतर संस्था अशा कितीतरी जणांना ते मेलनं एका फटक्यात जातं. त्यात त्या प्रकरणाचा चार ओळींचा गोषवारा होता, नाव-गाव काढून टाकलेला. अक्कांनी तो पाठवला. सोबत त्या मुलीनं आम्हाला लिहिलेलं मूळ पत्रही गेलं. नाव, दुकान, फोन नंबर, सगळं.

दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन मलाच आला. ती रडत नव्हती. "मॅडम, दुकानात कुणीतरी येऊन विचारून गेलं. मी नाव देऊ नका म्हटलं होतं." एवढंच बोलली. मी काय बोलले ते मला आठवत नाही. आम्ही सगळ्यांना मेल केले, पत्र पुसून टाका म्हणून विनवलं. बहुतेकांनी पुसलंही असेल. पण एकदा गेलेली गोष्ट परत येत नाही, हे आम्हीच तर गावभर सांगत फिरायचो. आठवड्यात तिनं ती नोकरी सोडली, खोली सोडली, नंबर बंद केला. कुठे गेली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अक्का चवताळल्या होत्या. "कुणीतरी माझं खातं फोडलंय. नोंदी काढ मधुरा, चौकशी लाव." मी नोंदी काढल्या. त्या काढण्याची गरज नव्हती. वार्तापत्रासोबतचं ते पत्र पाहताच मला समजलं होतं. लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाठवणाऱ्याचं खातं, वेळ, कुठल्या कॉम्प्युटरवरून गेलं ते. त्यांनी चष्मा पुसला, ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचलं. अशा नोंदी वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं. खाली दवाखान्यात कुणाच्या तरी दाढेवर यंत्र चाललं होतं. बराच वेळ.

"हे मीच पाठवलंय," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"तुला माहीत होतं? माझं असं होतंय ते?"

"थोडं थोडं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. "दुसऱ्या कुठल्या संस्थेत हे झालं असतं, तर आपण काय मागणी केली असती?"

"जबाबदार व्यक्तीनं पद सोडावं."

"मग लिही. मी सही करते. वाचून दाखव आधी."

मी लिहिलं. त्यांनी त्यातला 'प्रकृतीच्या कारणास्तव' हा शब्दप्रयोग खोडायला लावला. "चूक झाली म्हणून. तसंच लिही. त्या मुलीनं वाचलं तर तिला समजलं पाहिजे."

आमच्या विश्वस्तांत राजगोपाल सर सगळ्यात ज्येष्ठ. निवृत्त प्राध्यापक, अक्कांचे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांनी बैठक बोलावली, राजीनामा वाचला, आणि संचालक म्हणून माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, "सर, मी तीन महिने लपवलं. मी नको." ते म्हणाले, "आम्ही सगळ्यांनीच लपवलं. मला वसुधानं एकाच गोष्टीसाठी चारदा फोन केला होता, मी चारही वेळा नवीनच ऐकतोय असं दाखवलं. आता दुसरं कोण आहे इथे?" कुणीच नव्हतं. अशी मी संचालक झाले. अभिनंदन कुणी केलं नाही, आणि ते बरंच झालं.

पुढच्या सोमवारी साडेनऊला अक्का नेहमीसारख्या जिना चढून आल्या. पिशवीत शेंगा. आपल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला, बैठक सुरू करू या."

मी त्यांना आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. सगळं सांगितलं, मुलगी, पत्र, राजीनामा. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी समोर बसून पाहिलं. "अय्यो," एवढंच म्हणाल्या, आणि पदर तोंडावर धरला. मंगळवारी त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, तितकंच, जणू बातमी त्याच क्षणी आली. बुधवारी माझी हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "बसा अक्का." त्या बसल्या. मी माझा लॅपटॉप घेऊन कॉफीच्या ओट्यापाशी स्टुलावर बसले आणि तिथूनच संस्था चालवायला लागले. संचालकांच्या सहीच्या कागदांवर मी जिन्यात उभी राहून सही करायचे. असे तीन आठवडे गेले. आमच्या कामात खरं सांगणं हा पहिला नियम, आणि आम्ही सगळे एका माणसाशी दिवसभर खोटं वागत होतो. त्या आनंदात होत्या. जुन्या फायली लावत होत्या, सगळ्यांना शेंगा सोलायला बसवत होत्या.

फेब्रुवारीत एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. अकरा वाजता श्रीकांतचा फोन. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत आहे. तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमधून रोज सकाळी आईकडे येऊन मग कामावर जायचा. "अम्मा ऑफिसात आहे?" नव्हती. फोन घरीच राहिला होता. आम्ही सगळे वाटेल तिथे शोधत सुटलो; देऊळ, बाजार, बँक. दुपारी तीनला के. आर. पुरम स्टेशनवरून एका फुलवालीनं श्रीकांतला फोन केला. पर्समध्ये त्याचा नंबर होता. आम्ही पोहोचलो तेव्हा अक्का बाकावर ताठ बसल्या होत्या, फुलवालीनं दिलेला चहा हातात गार झालेला. मुठीत एक कागद होता. श्रीकांतनं तो सोडवून घेतला, वाचला आणि माझ्याकडे दिला. त्यांच्या अक्षरात, मराठीत, एकच ओळ होती.

'तिची माफी मागायची.'

कुठल्या तरी पहाटे त्यांना सगळं आठवलं असणार. पुन्हा विसरण्याआधी लिहून ठेवलं असणार, आणि दोन बस बदलून त्या, मुलीचं दुकान होतं त्या भागात, इतक्या लांब आल्या असणार. स्टेशनवर उतरल्यावर 'ती' म्हणजे कोण, ते गेलं.

त्यानंतर श्रीकांतनं त्यांच्या पर्सच्या अस्तरात एक बटणाएवढं यंत्र शिवलं. अम्मा कुठे आहे ते त्याला फोनवर दिसणार होतं. त्यानं मला सांगितलं ते एवढ्यासाठी, की त्यांना ते सापडलं तर मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी.

"त्यांना विचारलंस?" मी म्हटलं.

"मधुरा, प्लीज. तुमची ती भाषणं आता नकोत."

"भाषण नाही रे. आयुष्यभर त्या याच्याच विरुद्ध भांडल्या. निदान सांगू तरी."

"आणि नाही म्हणाली तर?"

तरीही आम्ही विचारलं. नशिबानं ती सकाळ चांगली होती. अक्कांनी ते बटण तळहातावर घेऊन उजेडात धरलं. "कुठल्या कंपनीचं? माहिती कुठे साठवतात? किती दिवस?" श्रीकांत चाचरत उत्तरं देत राहिला आणि त्या मिस्कील हसत होत्या. मला माझ्या जुन्या अक्का क्षणभर दिसल्या. मग त्यांनी बटण त्याच्या हातात ठेवलं.

"सरी. लाव. पण मला रोज विचारायचं. मी नाही म्हटलं तर काढायचं."

श्रीकांतनं शब्द दिला. मला वाटलं होतं, तो दोन दिवसांत कंटाळेल. नाही कंटाळला. रोज सकाळी आठ वाजता तो विचारायचा. बहुतेक दिवशी त्या हो म्हणायच्या. काही दिवशी, "माझ्या पर्सला हात लावायचा नाही," असं म्हणून दार उघडून तरातरा चालू लागायच्या. तशा दिवशी तो बटण लावायचा नाही आणि मला फोन करायचा. "आज नाही म्हणाली." त्याला कामावर पोहोचायचं असायचं. माझं घर पंधरा मिनिटांवर. मी निघायचे.

आता त्या बाहेर जात नाहीत. इलेक्ट्रॉनिक सिटीत श्रीकांतच्या फ्लॅटमध्ये असतात, नवव्या मजल्यावर. दाराला आतून उघडत नाही असं कुलूप आहे. महिन्यातून एकदा मी जाते. त्या मला ओळखत नाहीत, पण चांगल्या वागतात, पाहुण्याशी वागावं तशा. हल्ली रोज विचारतोस का, असं मी श्रीकांतला विचारलं नाही. कशाबद्दल विचारणार तो? संस्था चालू आहे. मी भाषणं देते. संमतीवर बोलायची वेळ आली की सहकाऱ्याला पुढे करते. घसा बसलाय म्हणून सांगते.

एक सकाळ मात्र माझ्या मनातून जात नाही. मार्च अर्धा सरला होता. रस्त्यावरची झाडं गुलाबी फुलांनी इतकी भरली होती की पान दिसत नव्हतं. श्रीकांतचा फोन आला, "आज नाही म्हणाली," आणि मी अक्कांना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाठलं. म्हणजे पंधरा-वीस पावलांवर राहिले. निळा स्वेटर, काखेत पर्स, चालणं अजूनही झपाझप. एका बंगल्यापाशी थांबून त्यांनी आत वाकून पाहिलं. नारळपाणीवाल्याशी काहीतरी बोलल्या. मग चौकात आल्या आणि थबकल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. कुठे जायचं होतं ते निसटलं होतं, हे मला पाठीवरून कळत होतं. मी नकळत चार पावलं पुढे गेले. तेवढ्यात त्या वळल्या.

"यारु नीवु?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. कोण तुम्ही?

"मी मधुरा, अक्का."

मराठी ऐकून त्याही मराठीत आल्या. पण नावाची ओळख पटली नाही. "मघापासून बघतेय. तुम्ही माझ्या मागे चाललाय."

"हो."

"मला विचारलंत?"

"नाही."

"मग?"

मोठमोठ्या अधिकाऱ्यांसमोर लागायचा तोच आवाज. शांत, सरळ, उत्तराची वाट पाहणारा. मी कितीतरी वेळा त्यांच्या शेजारी बसून समोरच्या माणसाला चुळबुळताना पाहिलं होतं. सांगण्यासारखं माझ्याकडे सगळं होतं. आजार, स्टेशन, श्रीकांत, कागद. तिथे भर रस्त्यात, फुलं पडत असताना, ते पुन्हा पहिल्यांदा सांगायचं? त्या वाट पाहत होत्या.

"चुकलं," मी म्हटलं.

"सरी. आता जा तुम्ही."

"सरी, अक्का."

मी वळले. त्या पाहत होत्या, म्हणून कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेले. मग रस्ता ओलांडला, उभ्या असलेल्या गाड्यांच्या आडून परत फिरले, आणि पलीकडच्या फुटपाथवरून त्यांच्यामागे चालू लागले. या वेळी त्यांना दिसणार नाही इतकं अंतर ठेवून.